टेन्युअरच्या अर्जाची पूर्वपीठिका

स्थाननिश्चितीच्या प्रस्तावासाठी छायांकित प्रतींवर सह्या-शिक्के मारून घेण्याचे दिवस आले, की आमच्या प्राध्यापक-कक्षात अमेरिकेतील टेन्युअरचा विषय हमखास निघतो. सहा वर्षांत काय ते सिद्ध करावे आणि मग जन्माची निश्चिती मिळवावी, अशी त्याविषयीची आमची ढोबळ समजूत. तिकडे गेलेले आमचे काही विद्यार्थी आता त्या टप्प्यावर आहेत आणि अर्ज सबळ कसा करावा, याची चिंता वाहत आहेत. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या अर्जाच्या इतिहासातच अधिक नीट सापडते, असे वाटते.

या इतिहासाच्या आरंभी अर्ज नाहीच, हकालपट्टी आहे. १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडवर्ड रॉस यांना राजीनामा द्यावा लागला. शहरातील ट्रामसेवा नगरपालिकेच्या मालकीची असावी, असे ते जाहीरपणे बोलत आणि जपानी स्थलांतरितांविरुद्धही बोलत. विद्यापीठाच्या सर्वेसर्वा जेन स्टॅनफर्ड या एका रेल्वेसम्राटाच्या विधवा. त्यांना हे प्राध्यापक नकोसे झाले. रॉस यांची स्थलांतरितांविषयीची मते आज वाचवत नाहीत, इतकी वंशद्वेषी होती, हेही येथेच नमूद केलेले बरे. तरीही त्यांच्या निषेधार्थ राजीनामे देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय हे तत्त्वज्ञानाचे तरुण अध्यापक होते. पंधरा वर्षांनी, १९१५ मध्ये, विद्यापीठीय प्राध्यापकांची अमेरिकी संघटना स्थापन झाली, ती लव्हजॉय यांच्याच पुढाकाराने. जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षीच्या तिच्या जाहीरनाम्यात प्राध्यापकाची तुलना न्यायाधीशाशी केलेली आहे: नेमणूक दुसऱ्याने केली, म्हणून निकाल त्याच्या मर्जीने द्यावा असे नव्हे. दहा वर्षांच्या सेवेनंतर कायमपण असावे, काढायचे तर लेखी आरोप ठेवावेत आणि समव्यवसायिकांपुढे सुनावणी व्हावी, एवढी मागणी. शोधनिबंधांची संख्या त्यात कोठेही नाही.

संख्येची वाट मोकळी झाली ती १९४० च्या निवेदनाने, आणि तीही सद्हेतूने. प्राध्यापकांची संघटना व महाविद्यालयांची संघटना यांनी मिळून असे ठरविले, की परिवीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा आणि पुढे ठेवायचे नसेल तर निदान वर्षभर आधी कळवावे. संस्थांनी शिक्षकांना वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नये, हा हेतू. परंतु सातातून एक वजा केला, की निर्णय सहाव्या वर्षी येऊन ठेपतो. संस्थेला घातलेली मर्यादा अशी उमेदवाराच्या मानगुटीवर बसली. पुढे युद्धोत्तर काळात विद्यापीठे फोफावली, संशोधनाला सरकारी पैसा आला आणि सहाव्या वर्षीची ती फाइल जाड होत गेली. मूळ कवच मात्र वाटले तितके भक्कम निघाले नाही: १९४९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने साम्यवादाच्या कारणावरून तीन कायम प्राध्यापकांना काढलेच.

फाइलीचे सर्वांत गूढ अंग म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांची गोपनीय पत्रे. येथे रोझली टंग यांच्या प्रकरणापाशी थोडे थांबले पाहिजे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये त्या सहयोगी प्राध्यापक होत्या. त्यांच्या विभागातील बहुमत त्यांच्या बाजूने होते. वरच्या समितीने १९८५ मध्ये नकार दिला. चीनविषयक संशोधनात संस्थेला रस नाही, असे कारण त्यांना सांगण्यात आल्याचे त्यांचे म्हणणे. वंश, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव झाला, अशी तक्रार त्यांनी केली. आपल्या बरोबरीच्या वा आपल्याहून उण्या पाच पुरुष सहकाऱ्यांना अधिक अनुकूल वागणूक मिळाली, असेही त्यांनी मांडले. चौकशीसाठी फाइली मागितल्या गेल्या. विद्यापीठाने गोपनीयतेची आणि विद्यास्वातंत्र्याची ढाल पुढे केली. जानेवारी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती ढाल नाकारली. ज्या स्वातंत्र्याच्या नावाने १९१५ मध्ये शिक्षकाला संरक्षण मागितले गेले, तेच नाव येथे शिक्षिकेविरुद्ध वापरले जात होते, हे आम्हांस फार बोलके वाटते. टंग पुढे कॅनडात गेल्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अकादमीच्या अध्यक्षही झाल्या.

उमेदवाराने या प्रकरणातून काय घ्यावे? अर्ज विभाग, विद्याशाखेची समिती, कुलगुरूंचे कार्यालय अशा पायऱ्या चढतो आणि वरच्या पायरीवर आपला विषय जाणणारा कोणी असेलच असे नाही. म्हणून निबंधांच्या यादीपेक्षा पहिली चार पाने मोलाची: आपण कोणता एक प्रश्न घेऊन बसलो आहोत, तो का महत्त्वाचा आणि पुढे कोठे जाणार, हे परक्या वाचकाला कळेल असे लिहिलेली. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच विद्वत्तेत शोधाबरोबर समन्वय, उपयोजन आणि अध्यापन यांनाही स्थान मागितले. १९९१ च्या पीटर सेल्डिन यांच्या पुस्तकाने अध्यापनाचे पुरावे कसे मांडावेत हे सांगितले. सेल्डिन यांचा भर निवडीवर आहे: सर्व काही कोंबायचे नाही.

आम्ही मात्र कोंबणारे. आपल्याकडे कायमपण आधी येते आणि मोजदाद नंतर, पदोन्नतीसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये एपीआयचे गुण आणले आणि चर्चासत्राचे प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात जाऊ लागले. निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांना पेव फुटले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांचा नमुना पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील संशोधकांनी तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांत बसली नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. जुलैत एपीआयही गेले. त्यानंतर आलेली केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. आमच्यापैकी काहींचे निबंध त्या वगळलेल्यांत आहेत. प्रमाणपत्रे अजून पाकिटांत आहेत.

१९४० च्या निवेदनातील ते परिवीक्षेचे कलम मात्र आमच्या मनातून जात नाही. अमेरिकेतही आज निम्म्याहून कितीतरी अधिक अध्यापक टेन्युअरच्या वाटेबाहेर आहेत. आमच्या कक्षात तासिका तत्त्वावरील सहकारी बसतात; काहींची दहा-दहा वर्षे झाली. नेट झालेले, पीएच.डी. झालेले. त्यांना सहावे वर्ष येत नाही. प्रस्तावाचे दिवस आले, की ते आमच्या प्रती क्रमाने लावायला मदत करतात.