पुसणं, घासणं आणि उचलणं : क्ले बारचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?' गॅरेज काढलेलं नाही. पण मोटारीच्या रंगावर फिरवायच्या एका चिकट वडीनं मला गेलं वर्षभर विचारात पाडलं आहे, हे मात्र खरं. त्या वडीला बाजारात 'क्ले बार' म्हणतात. तिच्या मागे जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

सुरुवात घरातूनच झाली. माझ्या पुतण्यानं पांढरी गाडी घेतली. तो राहतो तिथून रेल्वेचं यार्ड हाकेच्या अंतरावर आहे. वर्षभरात बॉनेटवर आणि टपावर बारीक नारिंगी ठिपके दिसू लागले. शाम्पूनं धुतले, हलले नाहीत. नखानं खरवडले, हलले नाहीत. तो घाबरून म्हणाला, 'काका, नव्या गाडीला गंज लागला!' पण पत्रा शाबूत होता. गंज गाडीचा नव्हताच, तो रेल्वेचा होता. गाडीची चाकं रुळांवर घासतात, ब्रेक लागतात, तेव्हा लोखंडाचे अतिसूक्ष्म कण उडतात. ते मोटारीच्या रंगावर बसतात, रुततात आणि दवानं, पावसानं तिथल्या तिथं गंजतात. हे रेल्वेजवळच होतं असं नाही. आपल्या स्वतःच्या गाडीच्या ब्रेकमधूनही असा चुरा निघतोच. शिवाय सोसायटीच्या इमारतीला फवाऱ्यानं रंग देतात तेव्हा उडणारे तुषार, झाडांचा चीक, डांबराचे ठिपके हेही असतंच.

आता साबण इथे हरतो कशामुळे, ते बघा. साबणपाणी वर पडलेली धूळ सैल करून वाहून नेतं. रुतलेल्या कणाला ते काही करू शकत नाही. मग माणूस पुढचा मार्ग धरतो, घासण्याचा. पण घासणं म्हणजे कणाबरोबर त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभागही झिजवणं. पुसणं पुरत नाही आणि घासणं परवडत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी क्रिया आहे, उचलणं. आपल्या घरांत ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. काचेचा ग्लास फुटला की मोठे तुकडे वेचून झाल्यावर माझी आई कणकेचा गोळा फरशीवर दाबत दाबत फिरवायची. डोळ्यांना न दिसणारे काचेचे कण त्या गोळ्यात रुतून यायचे. फरशीला काही व्हायचं नाही. क्ले बारचं तत्त्व बहुतांशी हेच आहे.

या 'उचलण्या'चा एक जुना आणि भव्य दाखला रोममध्ये सापडतो. सिस्टाइन चॅपेलचं छत मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं. खाली रोज मेणबत्त्या जळत. शंभरेक वर्षांत चित्रांवर काजळी चढली. १६२५ साली सिमोने लाजी नावाच्या मुलामा देणाऱ्या कारागिरानं ते छत आधी तागाच्या कापडानं पुसलं आणि मग चक्क पावानं साफ केलं. पावाचा मऊ गर काजळी धरून ठेवतो आणि तिच्यासकट चुरा होऊन खाली पडतो. पाणी लागत नाही, फार जोरही लागत नाही. पुढच्या शतकात त्याच छतावर ग्रीक वाइनमध्ये भिजवलेले स्पंज फिरवले गेले. त्या मानानं पाव फारच सभ्य म्हणायचा!

कागदावरची पेन्सिल खोडायलाही युरोपात पावच वापरत. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञानं नोंदवून ठेवलं, की लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेअर्न पेन्सिल पुसणाऱ्या एका नव्या पदार्थाचा अर्ध्या इंचाचा तुकडा तीन शिलिंगांना विकतात. तो पदार्थ म्हणजे आपलं खोडरबर. चित्रकार आजही जे मळता येणारं रबर वापरतात, ते कोळशाची पूड कागदावरून उचलतं. मळलं की त्याची मळकी बाजू आत जाते आणि स्वच्छ बाजू बाहेर येते. हे 'मळणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर. घरं कोळशावर गरम होत, म्हणून भिंतींच्या वॉलपेपरवर काजळी बसे. कागद धुता येत नाही. कुटॉल नावाची साबणाची कंपनी तिथं अडचणीत होती. १९३३ मध्ये तिनं क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीशी वॉलपेपर साफ करणारी लगदी पुरवण्याचा करार केला. पीठ, पाणी, मीठ वगैरेंची ही लगदी भिंतीवरून फिरवायची, काजळी तिच्यात जायची. धंदा तरला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरांत गॅस आणि तेलाची उष्णता आली, धुता येणारे व्हिनाइलचे वॉलपेपर आले आणि लगदीचं गिऱ्हाईक संपलं. कंपनीतल्या जो मॅकव्हिकर यांची नातलग के झुफॉल बालवर्ग चालवत असे. मुलांना ही लगदी खेळायला छान आहे, हे तिनं ओळखलं. १९५६ साली ती 'प्ले-डो' या नावानं बाजारात आली. आपल्या नातवंडांच्या हातातला तो रंगीत गोळा मुळात काजळी उचलणारा गोळा आहे, बरं का!

आता मोटारीकडे येऊ, कारण क्ले बारची गरज मोटारीच्या रंगाच्या इतिहासातूनच निर्माण झाली. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या ब्रशनं, व्हार्निशचे थर देत रंगवल्या जात. त्यात आठवडेच्या आठवडे जात. फोर्डची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघत होती. १९२३-२४ च्या सुमाराला ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी 'ड्यूको' हा झटपट वाळणारा लॅकर आणला आणि रंगीत मोटारींचा काळ सुरू झाला. त्या काळच्या मोटारीला पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागे. म्हणजे मालक दर वेळी रंगाचा एक पापुद्रा काढूनच चकाकी मिळवत होता. उन्हानं विटलेला वरचा थर गेला की खालचा ताजा रंग दिसे. तेव्हा ते चालून जाई, कारण वरपासून खालपर्यंत रंग एकच होता.

१९८० च्या दशकात ही रचना बदलली. खाली रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ही पद्धत सर्रास झाली. गाडीची सगळी चकाकी आता त्या वरच्या थरात असते. आणि त्याची जाडी किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. उन्हापासून रंगाचं रक्षण तोच करतो. तो झिजला की परत वाढत नाही. घासण्याची किंमत एकदम चढली ती इथे.

याच दशकात जपानमध्ये गाडीच्या रंगावरून रुतलेले कण उचलणारी वडी तयार झाली. ताडाओ कोदाते यांच्या नावावर तिचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये नोंदलं गेलं. पुढे अमेरिकेत या पेटंटवरून कोर्टकज्जेही झाले. पण मला खरी गंमत वाटली ती पेटंटमधल्या नावाची. तिथे या वस्तूला माती म्हटलेलंच नाही. त्या नावाचा अर्थ होतो, हवा तसा आकार घेणारा लवचीक घासण्याचा दगड. लोक म्हणतात माती, पेटंट म्हणतं दगड आणि हाताला लागते ती कणीक! प्रत्यक्षात ती पॉलिब्यूटीनसारख्या कृत्रिम चिकट पदार्थात अतिशय बारीक घर्षक कण मिसळून केलेली असते.

म्हणजे मी मघाशी जी सरळ विभागणी केली, घासणं वेगळं आणि उचलणं वेगळं, ती इथे थोडी डळमळते. क्ले बार उचलतो हे खरं, पण तो थोडा घासतोही. उचलणं किती आणि घासणं किती, हे आपण वडी कोणती निवडतो आणि ती कशी फिरवतो यावर ठरतं. म्हणून आता निवडीबद्दल आणि वापराबद्दल बोलू.

वड्या साधारण तीन प्रतींच्या मिळतात, सौम्य, मध्यम आणि जहाल. रंगावरून प्रत ओळखू नका. एका कंपनीची निळी सौम्य असेल तर दुसरीची निळी मध्यम असू शकेल. वेष्टनावर लिहिलेलं वाचा. आपल्या न्यायशास्त्रात 'लाघव' नावाचा विचार आहे. थोडक्यात काम भागत असेल तर जास्तीचं गृहीत धरू नये. तोच नियम इथे लावा. सौम्य वडीनं सुरुवात करा. तिनं भागलं नाही तरच मध्यम. जहाल वडी पृष्ठभागावर धूसरपणा सोडते आणि मग यंत्रानं पॉलिश करावंच लागतं, तेव्हा ती जाणकारांच्याच हाती असू द्या.

आधी मुळात गरज आहे का, ते तपासा. गाडी धुऊन वाळवा, हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बोटं रंगावरून अलगद फिरवा. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून खरखरीत लागतं. खरखर नसेल तर वडी फिरवूच नका. लोखंडाचा चुरा फार असेल तर आधी लोह विरघळवणारं द्रावण मारतात. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि रुतलेला भागही सोडवतं. वडी मुख्यतः वर आलेलं टोक कापून नेते, हे विसरू नका.

मग गाडी सावलीत, पत्रा गार. वडीचा तिसरा हिस्सा तोडून चपटा करा, थंडीत कोमट पाण्यात मऊ करून घ्या. दोन फूट बाय दोन फुटांचा भाग घ्या आणि त्यावर वंगण म्हणून मिळणारा फवारा किंवा शाम्पूचं पाणी सढळ हातानं मारा. वडी या ओल्या थरावरून घसरली पाहिजे. थराच्या वर डोकं काढणारे कण तेवढे तिला अडकतात आणि सुटून येतात. वंगण कमी पडलं की वडी रंगालाच धरते. हात हलका आणि सरळ रेषेत ठेवा, गोल गोल नको. खरखर थांबली, आवाज थांबला की तो भाग झाला. वडी मळकी दिसली की घडी घालून मळा आणि स्वच्छ बाजू बाहेर आणा. ओरखडे, पाण्याचे खोल गेलेले डाग यांवर वडीचा उपयोग नाही. ते रंगावर नसून रंगातच असतात. मॅट रंगाच्या गाडीला तर ती लावूच नये.

शेवटी मेण किंवा सीलंट लावावंच लागतं, कारण वडीबरोबर जुनं मेणही निघून जातं. इथे मला आपल्या अजिंठ्याची आठवण होते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा, शेलॅकचा लेप दिला. हेतू रक्षणाचा होता. पण लेप पिवळा पडत गेला, मूळ रंग झाकोळले आणि पुढच्या पिढ्यांना तोच लेप मळ म्हणून काढत बसावं लागलं. गाडीवरचं मेण काही महिन्यांत आपोआप झिजतं, हा त्याचा दोष वाटतो, पण खरं तर तो गुण आहे. जे लावायचं ते पुढे काढता आलं पाहिजे.

आणि उलट चूकही होते. सिस्टाइनच्या छताची मोठी सफाई १९८० च्या दशकात झाली. रंग इतके उजळ निघाले की जग थक्क झालं. पण काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते काजळीबरोबर मायकेलअँजेलोनं गिलावा वाळल्यावर दिलेले शेवटचे हातही निघून गेले. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटणारही नाही, कारण पुरावाच पुसला गेला आहे. मळ कुठे संपतो आणि वस्तू कुठे सुरू होते, हे काढण्याच्या आधी ठरवावं लागतं. रुळावर लोखंडाचा कण हा रुळाचाच भाग असतो, रंगावर आला की तो मळ ठरतो. ठरवणारे आपण. आणि आपल्या हातून निर्णय चुकला तर थर परत येत नाही.

हे सगळं मी वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. पुतण्याच्या गाडीवर वडी फिरवताना ती माझ्या हातून पार्किंगमध्ये खाली पडली. पडलेली वडी टाकून द्यायची, हा पहिला नियम. मी ती झटकली, मळली आणि तशीच वापरली. तिच्यात रुतलेल्या वाळूनं डाव्या दारावर तीन बारीक रेघा उमटल्या. ज्या गुणामुळे ती कण उचलते, त्याच गुणामुळे ती जमिनीवरची वाळूही उचलते, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. मी म्हटलं, पॉलिश करून देतो. पुतण्या म्हणाला, 'काका, राहू द्या. आणखी पापुद्रा कशाला काढायचा?' व्याख्यान मी दिलं, पण निष्कर्ष त्याचा आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.