नारिंगी बुरशी पांढरी पडली तेव्हा

आपल्याकडे बारशाला आत्या एक नाव ठेवते, घरात हाक भलत्याच नावाने मारतात आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच लागतं. विज्ञानातल्या एका शोधाचंही असंच झालं. पेटुनियाच्या फुलात तो सापडला तेव्हा 'को-सप्रेशन' झाला, बुरशीत सापडला तेव्हा 'क्वेलिंग' आणि जंतात सापडल्यावर 'आरएनए इंटरफिअरन्स'. नोबेल मिळालं ते तिसऱ्या नावाला. ही कुळकथा मधल्या नावाची, कारण पिकांवरच्या बुरशांशी त्याचं नातं सगळ्यात जवळचं आहे.

सुरुवात पावापासून. 1843 च्या सुमारास फ्रान्समधल्या पावभट्ट्यांत पावांवर भडक नारिंगी बुरशी चढू लागली आणि नासाडी इतकी झाली, की सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं. जावा बेटावर याच कुळातली बुरशी शेंगदाण्याच्या पेंडीवर मुद्दाम वाढवतात आणि 'ओन्चोम' म्हणून तळून खातात. कुणाची नासाडी ती कुणाची न्याहारी! पुढे हिला न्यूरोस्पोरा हे नाव मिळालं. ती झपाट्याने वाढते आणि तिला खायला फार काही लागत नाही, म्हणून प्रयोगशाळांनी तिला दत्तकच घेतलं. 1941 मध्ये बीडल आणि टेटम यांनी हिच्यावरच क्ष-किरण सोडून जनुकं आणि विकरं यांचा संबंध दाखवला आणि 1958 चं नोबेल मिळवलं.

तिचा नारिंगी रंग गाजरासारखाच कॅरोटिनॉइडचा. रोममध्ये निकोलेटा रोमानो आणि ज्युसेप्पे माचिनो यांनी हा रंग बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती बुरशीत घातल्या. साधा हिशेब असा, की कारागीर वाढले तर माल वाढेल. झालं उलटं. काही बुरशा पांढऱ्याफटक निघाल्या. जादा जनुक तर गप्प बसलंच, वर त्याने घरच्या मूळ जनुकाचंही तोंड बंद केलं. शिवाय हे कायमचं नव्हतं. त्यातल्या काही बुरशा यथावकाश पुन्हा नारिंगी झाल्या. म्हणजे जनुक मोडलं नव्हतं, फक्त दाबून ठेवलं होतं. 1992 च्या निबंधात त्यांनी याला क्वेलिंग म्हटलं. इंग्रजीत हा शब्द बंड मोडून काढण्यासाठी वापरतात. मला तो तिन्ही नावांत सगळ्यात नेमका वाटतो. 'इंटरफिअरन्स' म्हणजे नुसती लुडबुड. इथे चाललं होतं ते दडपणं.

फुलांची गोष्ट याच्या दोनच वर्षं आधीची. 1990 मध्ये कॅलिफोर्नियात नेपोली, लेमियो आणि जॉर्गेनसन यांनी जांभळी पेटुनिया आणखी गडद करायला रंगाचं एक जादा जनुक घातलं, तर 42 टक्के झाडांवर पांढरी किंवा पांढरे पट्टे असलेली फुलं आली. बुरशीत मात्र एक गोष्ट तपासता आली, जी फुलात अवघड होती. बुरशीचे दोन धागे एकमेकांत मिसळतात आणि दोघांची केंद्रकं एकाच पेशीरसात नांदू लागतात. 1996 मध्ये माचिनोंच्या गटाने दडपलेली आणि न दडपलेली केंद्रकं अशी एकत्र आणली. दडपण जिंकलं. एका केंद्रकातला हुकूम शेजारच्या केंद्रकाच्या जनुकालाही लागू झाला. म्हणजे हा हुकूम डीएनएवर चिकटलेला नव्हता, पेशीरसातून फिरणारं काहीतरी तो पोचवत होतं.

ते 'काहीतरी' काय, हे 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जंतावर दाखवलं. ते दुपदरी आरएनए होतं. एरवी जनुकाचा निरोप एकपदरी आरएनएवरून जातो. दोन पदर जुळलेला आरएनए दिसला, की पेशी सावध होते, कारण अनेक विषाणूंचा ऐवज तसाच असतो. डायसर नावाचं विकर, विळीवर गवार चिरावी तसे, त्याचे वीस-पंचवीस अक्षरांचे बारीक तुकडे करतं. त्यातला एक पदर आर्गोनॉट नावाचं प्रथिन हाताशी धरतं आणि त्याच्याशी जुळणारा निरोप दिसला की तो कापून टाकतं. हे नावही मजेदार आहे. ज्या रोपात या प्रथिनाचं जनुक बिघडलं होतं त्याची पानं आर्गोनॉटा या समुद्रातल्या अष्टपादासारखी दिसली, म्हणून ते आर्गोनॉट.

रोमचा गट तोवर या यंत्राचे भाग सुटे करत होता. ज्या बुरशांना दडपणं जमेनासं झालं, त्यांतून त्यांनी बिघडलेली जनुकं शोधली. 1999 मध्ये हाती लागलं ते एकावरून दुसरा पदर विणणारं विकर आणि 2000 मध्ये आर्गोनॉटचा बुरशीतला भाऊबंद. 2006 चं नोबेल अमेरिकेतल्या फायर आणि मेलो यांना मिळालं. पेटुनिया आणि न्यूरोस्पोरा वाट दाखवून मागे राहिल्या.

पण न्यूरोस्पोरा कुणाचं पीक खात नाही. पिकांच्या वैऱ्यांत हे यंत्र आहे का, हा प्रश्न उरला. टोमॅटोच्या पानावर बुरशी आणणाऱ्या क्लॅडोस्पोरियममध्ये 1998 मध्येच जनुक दबल्याची नोंद झाली. भाताच्या करप्याच्या बुरशीत 2003 मध्ये जपानच्या कोबेमधल्या संशोधकांनी हिरवं चमकणारं प्रथिन आधी बसवलं, मग दुपदरी आरएनएने त्याची चमक घालवली आणि कापलेले तुकडेही दाखवले.

बुरशीने हे यंत्र बाळगलं कशासाठी, याचं उत्तर अमेरिकेतल्या चेस्टनटने दिलं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडं एका बुरशीने वाळताना दिसली. काही दशकांत या बुरशीने 300 ते 400 कोटी झाडं संपवली. युरोपात मात्र इटलीतली काही झाडं आपोआप बरी झाली. तिथल्या बुरशीलाच एक विषाणू लागला होता आणि ती फिकट, अशक्त झाली होती. (इथेही रंग उडाला, पण कारण वेगळं.) 2007 मध्ये डोनाल्ड नस यांच्या गटाने या बुरशीतलं डायसरचं एक जनुक काढून टाकलं. त्या विषाणूने तिची पुरती वाताहत केली. दडपणं हे बुरशीचं विषाणूविरुद्धचं कवच होतं. विषाणूही मुकाट्याने बसलेला नाही, हे कवच निकामी करणारं एक प्रथिन तो जवळ बाळगून असतो.

यापुढची पायरी मला अजून थोडी अविश्वसनीय वाटते. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटो यांवर करडी बुरशी आणणारी बोट्रायटिस स्वतःचे आरएनएचे तुकडे झाडाच्या पेशीत सोडते आणि झाडाच्याच आर्गोनॉटच्या हातून झाडाची प्रतिकाराची जनुकं बंद पाडते, असं 2013 मध्ये हेलिंग जिन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने मांडलं. घरच्याच रखवालदाराला फितवायचं आणि घर लुटायचं. 2016 मध्ये त्याच गटाने डाव उलटवला. बोट्रायटिसच्या डायसरवर रोखलेला आरएनए फळं, भाज्या आणि गुलाबपाकळ्यांवर फवारला आणि कुज कमी झाली. मात्र 2023 मध्ये टोमॅटोवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला पहिल्या फितुरीचा पुरावा मिळाला नाही. वाद चालू आहे, तो चालू राहिलेलाच बरा.

आता आपल्या बांधावर येऊ. फवारलेला आरएनए उघड्यावर फार टिकत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी तो मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर बसवून पाहिला. विषाणूंविरुद्ध 2017 मध्ये हे संरक्षण 20 दिवसांपर्यंत टिकलं. टिकणं जमेल. गिळणं हा वेगळा प्रश्न आहे. बोट्रायटिस बाहेरचा आरएनए चटकन आत घेते. पण आंबा, द्राक्ष, पपई यांवर करपा आणणारी कोलेटोट्रिकम ग्लोओस्पोरिऑइड्स तो घेत नाही, असं 2021 च्या तुलनेत दिसलं. मक्याच्या काणीच्या बुरशीने तर हे यंत्रच कधीचं हरवून टाकलंय, तिला हुकूम दिला तरी पाळणारं कुणी नाही. आणि द्राक्षावरचा केवडा तर मुळात खरी बुरशीही नाही.

तेव्हा उद्या बागेत कुणी बाटली घेऊन आला आणि म्हणाला, की हे आरएनएचं औषध आहे, भुरी, करपा, केवडा सगळ्यांवर एकच, तर टाकी भरण्याआधी त्याला एवढंच विचारा: यातली कोणती बुरशी हे गिळते, आणि ते कुणी पाहिलंय?