ट्रँझिस्टर रेडिओ : रचनेतील समतोल

निर्वात नलिकांऐवजी ट्रँझिस्टर वापरलेल्या, विद्युत् घटांवर चालणाऱ्या सुवाह्य नभोवाणी ग्रहणीस ट्रँझिस्टर रेडिओ म्हणतात. किंमत, आकारमान, घटांचे आयुष्य, आवाज व ग्रहणक्षमता यांपैकी एक गुण वाढविला की बहुधा दुसरा घटतो. या गुणांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतूनच हे उपकरण विकसित झाले.

ऐतिहासिक : ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. १९५४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘रीजन्सी टीआर-१’ या संचात खर्च आवरण्यासाठी चारच ट्रँझिस्टर ठेवण्यात आले. संच खिशात मावण्याजोगा झाला. मात्र त्याचा आवाज क्षीण होता आणि ४९·९५ डॉलर ही किंमतही त्या काळी भारी होती.

ग्रहणक्षमता : प्रक्षेपण केंद्रांपासून दूर असलेल्या सोलापूरसारख्या भागात या तडजोडींची कसोटी लागे. १९५०–६० या काळात सोलापुरास स्वतःचे केंद्र नव्हते. मुंबई सरळ रेषेत सु. ३५० किमी. व पुणे सु. २३५ किमी. दूर आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम तरंग शोषून घेत असल्याने दूरची केंद्रे रात्रीच अधिक स्पष्ट ऐकू येत. क्षीण संदेशासाठी फेराइट दांड्याचा आकाशक लांब करावा, तर पेटी मोठी होई. रेडिओ सिलोनवरील हिंदी चित्रपटगीतांसाठी लघुतरंग पट्टा आवश्यक असे. त्यामुळे किंमत वाढे.

उष्णता व घट : जर्मेनियम ट्रँझिस्टरातील गळती प्रवाह दर सु. १०° से. तापमानवाढीस साधारणतः दुप्पट होतो. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. उन्हात ठेवलेल्या पेटीत ते आणखी वाढते. म्हणून मंडलात स्थिरीकरणाची योजना करावी लागे व तीत घटांची काही शक्ती खर्ची पडे. सिलिकॉन ट्रँझिस्टर उष्णता अधिक सोसतो. परंतु तो कार्यान्वित होण्यास सु. ०·६ ते ०·७ व्होल्ट लागतात, तर जर्मेनियमला सु. ०·२ ते ०·३ व्होल्ट पुरतात. त्यामुळे उतरलेल्या घटांवर जर्मेनियमचा संच अधिक काळ चालविणे सोपे जाई. सिलिकॉन स्वस्त झाल्यावर मात्र तेच रूढ झाले.

संचाची किंमत एकदाच द्यावी लागे. घटांचा खर्च मात्र पुनःपुन्हा येई. यासाठी शेवटच्या टप्प्यात दोन ट्रँझिस्टर आळीपाळीने कार्य करतील अशी रचना स्वीकारण्यात आली. तीत एक ट्रँझिस्टर जास्त लागला, तरी आवाज नसताना प्रवाह अत्यल्प वापरला जाई. वीज न पोहोचलेल्या खेड्यांतील श्रोत्यास रेडिओ परवडेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशाच निर्णयांवर अवलंबून होते.