सिकलसेलच्या रिपोर्टवर एए, एएस, एसएस लिहिलंय, अर्थ काय?

पालघर : जव्हार, मोखाडा, डहाणूकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आढळतो. सिकल म्हणजे विळा. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात.

सोल्युबिलिटी : पहिली चाचणी. पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण, हे कळत नाही.

एचपीएलसी, इलेक्ट्रोफोरेसिस : पक्क्या चाचण्या.

एए : सिकलसेल नाही.

एएस : वाहक. सहसा त्रास नसतो.

एसएस : रुग्ण. अंग-सांधे ठणकतात, रक्त कमी होतं. कायम उपचार लागतात.

नवरा-बायको दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. एक एए, दुसरा एएस असेल तर मूल एसएस होत नाही. म्हणून सोयरीक ठरवण्याआधी दोघांचे रिपोर्ट बघा.