शुश्रूषागृहांतील शांतके

वार्धक्यामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तींची कायम निवासासह परिचर्या करणाऱ्या संस्थेस अमेरिकेत नर्सिंग होम म्हणतात. (महाराष्ट्रात छोट्या खाजगी रुग्णालयास हे नाव रूढ आहे, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.) अशा शुश्रूषागृहांतील प्रभावी शांतकांचा इतिहास हा औषधोपचाराइतकाच व्यवस्थापनाचाही इतिहास होय.

क्लोरप्रोमॅझीन हे यांतील आद्य औषध. झां दले व प्येअर दनिकेर यांनी १९५२ मध्ये पॅरिस येथे त्याचा मनोरुग्णांवर उपयोग केला व १९५४ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले. त्याने भ्रम व क्षोभ शमतात. तथापि रुग्ण बरा झाला की केवळ गप्प झाला, हे ओळखणे सोपे नसते. मेडिकेअर व मेडिकेड या योजनांच्या १९६५ च्या कायद्यानंतर शुश्रूषागृहे झपाट्याने वाढली आणि मनोरुग्णालयांतील पुष्कळ वृद्ध तेथे हलविले गेले. रात्री ओरडणाऱ्या वा भटकणाऱ्या स्मृतिभ्रंशग्रस्तास आवरण्याचा सुलभ मार्ग तेथील अपुऱ्या सेवकवर्गाला गोळीत सापडला. खुर्चीस बांधून ठेवण्यापेक्षा तो सभ्य दिसे, इतकेच. यासच पुढे ‘रासायनिक बंधन’ म्हणू लागले. गुंगी, तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, जीभ व जबडा यांच्या अनैच्छिक हालचाली हे त्याचे दुष्परिणाम होत.

सीनेटच्या एका उपसमितीने १९७५ मध्ये या गैरवापराकडे लक्ष वेधले. कायदा मात्र डिसेंबर १९८७ मध्ये झाला. त्याने शिक्षा म्हणून वा सेवकांच्या सोयीसाठी औषध देण्यास मनाई केली. औषधाचे कारण नोंदविणे आणि मात्रा क्रमाने कमी करून पाहणे बंधनकारक झाले. २००५ मध्ये सतरा चाचण्यांच्या आधारे अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की नव्या पिढीच्या शांतकांमुळे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांतील मृत्युप्रमाण सु. १·६ ते १·७ पट होते. २००८ मध्ये तो जुन्या शांतकांनाही लागू केला गेला.

२०११ च्या अखेरीस दीर्घकालीन निवाशांपैकी २३·९ टक्के व्यक्तींना ही औषधे मिळत होती. २०१२ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर हा आकडा बराच उतरला. परंतु या गणनेतून छिन्नमनस्कतेचे रुग्ण वगळलेले होते आणि शुश्रूषागृहांत नेमक्या त्याच निदानाच्या नोंदी वाढू लागल्या. हा विकार बहुधा तारुण्यात सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी त्याचे प्रथम निदान होणे विरळाच. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांना २०२१ मध्ये असे आढळले, की २०१८ साली अशी नोंद असलेल्या सु. एकतृतीयांश निवाशांच्या मेडिकेअर देयकांत त्या वर्षी या विकाराचा उल्लेखही नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये या नोंदींच्या तपासणीचे आदेश निघाले.