इतवाऱ्यातली एक बोलवा



परवा नातीच्या कॉलेजात मानसशास्त्राचे पाहुणे व्याख्याते आले होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "आजोबा, माणूस आधी घाबरतो आणि कारण मागून शोधतो!" मला हसू आलं. हेच मी १९७०च्या सुमारास ऐकलं होतं.

तेव्हा आमच्या कॉलेजात बाहेरगावचे एक प्राध्यापक आले. हॉल भरावा म्हणून आम्हा कॉमर्सवाल्यांनाही बसवलं. आमचं लक्ष चहाकडे. पण ते अफवांवर बोलायला लागले आणि आम्ही ऐकतच राहिलो.

१५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या आणि १९३५मध्ये त्यांवर निबंध छापला. गंमत अशी की, जिथे धक्का जोरात बसला पण पडझड झाली नाही, तिथेच लोक म्हणत होते, आता वादळ येणार, ग्रहणाला पुन्हा भूकंप होणार. वाचलेल्या माणसाने आणखी भीती का ओढवून घ्यावी? अमेरिकेतले लिऑन फेस्टिंगर याच कोड्यावर थबकले. त्यांचं उत्तर असं, की लोक आधीच घाबरलेले होते, पण समोर कारण दिसत नव्हतं. ते अफवेने पुरवलं. दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगला दरडी कोसळल्यावरच्या अफवा तपासल्या. तिथे नुकसान डोळ्यांसमोर होतं, आणि पुढच्या संकटाच्या अफवा नव्हत्या. मनाच्या विसंगतीवरचं फेस्टिंगर यांचं गाजलेलं पुस्तक १९५७चं. त्याची वाट आपल्या बिहारवरून गेली!

पुढे मी बँकेत लागलो. एकदा इतवाऱ्यात बोलवा उठली की आमची शाखा बंद होणार, ठेवी बुडणार. शेजारच्या काकू मुदत ठेवीची पावती घेऊन सकाळीच काउंटरवर हजर. मी समजावलं, मग चिडलो. "काकू, तुम्ही शिकलेल्या, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवता?" त्या काही बोलल्या नाहीत. ठेव मोडली, व्याज कापलं गेलं. आठ दिवसांत बोलवा विरली.

नंतर आईने सांगितलं, काकांनी हातउसने दिलेले पैसे एकाने बुडवले होते. तेव्हापासून काकूंना धास्ती.

व्याख्यान मला तेव्हा आठवलं, पण उशिरा. मी बोलवा खोडत बसलो, भीती कसली ते विचारलंच नाही. काकू आता नाहीत.

नातीला हे सगळं सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं.

आपल्यापैकी कुणी त्या व्याख्यानाला होतं का? आठवत असेल तर जरूर लिहा.