दोन रुपयांचा पगार : वऱ्हाडातील प्रतियोगी पक्षाची कथा

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची वाट दारव्ह्यावरून जाते. ती घातली गेली ती कापसासाठी. या कापसाच्या मुलखातील जमीनमहसूल आणि प्राप्तिकर भरणाऱ्या मोजक्या लोकांना 1919च्या सुधारणा कायद्याने मताचा अधिकार दिला. पण वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि इंग्रजांकडे कायम पट्ट्याने आलेले. त्यामुळे येथून निवडून आलेला सभासदही नियमाप्रमाणे सरकारने ‘नेमलेला’ ठरे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात बसले, तेही वऱ्हाडचे असे नेमलेले प्रतिनिधी म्हणून.

1923च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. त्याने काय करावे? मंत्र्यांचा वार्षिक पगार दोन रुपये केला! मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि शिक्षण, शेती, आरोग्य ही सोपीव खाती गव्हर्नरच्या हाती परत गेली. द्विदल राज्यपद्धती पोकळ आहे, हे जगाला दिसले. पण शाळा आणि दवाखाने ज्यांच्या हाती यायचे होते, त्यांच्या हातून तेही गेले. अडवणुकीचा हा विजय पुढे कसा न्यायचा, या प्रश्नावर पक्ष फुटला.

ऑक्टोबर 1925मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू संतापले. केळकर आणि जयकर यांनी उलट विचारले : विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होतात, स्वतः मोतीलालजी सरकारी स्कीन समितीवर बसतात, मग तांब्यांचाच अपराध कोणता? युक्तिवाद बिनतोड होता. तरीही अध्यक्षपद सभागृहाने दिलेले आणि ही जागा सरकारने दिलेली, हा फरक त्यात झाकला जात होता.

फेब्रुवारी 1926मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारिता पक्ष उभा राहिला. नाव टिळकांच्या धोरणाचे : सरकार जेवढे देईल तेवढे घ्यायचे, उरलेल्यासाठी भांडायचे. मुंजे, केळकर, जयकर, अणे ही मंडळी त्यात होती. एप्रिलमध्ये साबरमतीला समेट झाला, आणि महिन्याभरात मोडलाही. नव्या निवडणुकीनंतर 1927मध्ये राघवेंद्र राव आणि वऱ्हाडचे रामराव देशमुख मंत्री झाले. सोपीव खाती पुन्हा लोकांच्या प्रतिनिधींकडे आली. पण राखीव खात्यांना आणि तिजोरीच्या मुख्य किल्लीला त्यांचा हात पोचत नव्हता.

अल्पमतातल्या पक्षाची ही कोंडी केवळ वऱ्हाडची नव्हे. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने 1892मध्ये कॅन्सस राज्याचे गव्हर्नरपद जिंकले. 1896मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटांचाच उमेदवार, ब्रायन, आपलासा केला आणि पुढे पक्षच विरून गेला. वेगळे राहावे तर सत्ता नाही, मिसळावे तर ओळख नाही. फरक इतकाच की त्यांच्या समोर मतदार होता, आणि आपल्याकडे मतदाराच्याही वर गव्हर्नर होता.

प्रतियोगी म्हणजे सत्तेचे लोभी, हा शिक्का मात्र अण्यांच्या बाबतीत टिकत नाही. 1930च्या जुलैत त्यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडून तुरुंग पत्करला. यवतमाळहून दारव्हा, दिग्रस ओलांडले की पुसद. कौन्सिलात सहकार्याची बाजू मांडणारा माणूस याच मुलखात सरकारी रानातले गवत कापायला उभा राहिला. चार वर्षांनी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसशी मतभेद झाला, तेव्हा मालवीयजींबरोबर त्यांनी पुन्हा छोटा पक्ष काढला. उत्तरायुष्यात, 1962मध्ये, ते वेगळ्या विदर्भाची बाजू घेऊन नागपुरातून अपक्ष लोकसभेवर गेले.

हे पक्ष आज नावालाही उरलेले नाहीत. पण प्रश्न उरला आहे. अपुरी सत्ता हाती घेऊन थोडे काम करावे, की ती नाकारून तिची अपुरेपणाची साक्ष जगापुढे ठेवावी? तांब्यांनी एक उत्तर दिले, मोतीलालजींनी दुसरे. अण्यांनी दोन्ही वेळप्रसंगी दिली, आणि म्हणून दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेतला. इतिहास बहुमतवाल्यांचा लिहिला जातो. या मुलखाचा राजकीय स्वभाव समजून घ्यायचा, तर या हरलेल्यांचाही जमाखर्च एकदा मांडायला हवा.